जगताप सिस्टर आणि माळावरचे ससे

जगताप सिस्टरांशी माझी ओळख भांडणानं झाली. आम्ही ह्या सोसायटीत राहायला येऊन जेमतेम महिना झाला होता. रविवारची दुपार होती. माझी मुलगी इरा आणि तिची नवी दोस्तमंडळी धापा टाकत वर आली. इराच्या हातात बुटांचा खोका होता आणि खोक्यात, माझ्याच ओढणीवर, सशाची दोन पिल्लं. मुठीत मावतील एवढी, मातीच्या रंगाची, डोळे टक्क उघडे. इतकी निपचित की आधी मला ती मेलेलीच वाटली.

मागच्या माळावर चेंडू शोधताना गवतात सापडलेली. पोरांनी बराच वेळ वाट पाहिली, आई काही आली नाही, म्हणून उचलून आणली. मी दूध कोमट केलं. इरा लहान असतानाचा औषधाचा ड्रॉपर शोधून काढला. तेवढ्यात बेल वाजली, लागोपाठ दोनदा.

दारात समोरच्या फ्लॅटमधल्या बाई उभ्या होत्या. उंच, सडपातळ, कडक इस्त्रीची सुती साडी, केस मागे घट्ट बांधलेले.

“पिल्लं तुमच्याकडे आहेत?”

“हो. त्यांची आई सोडून गेलीय बिचाऱ्यांना.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

 त्या सरळ आत आल्या, खोक्यात डोकावल्या, ओट्यावरच्या दुधाकडे पाहिलं.

“पाजलंत?”

“नाही अजून.”

“बरं झालं. श्वासात गेलं असतं तर संपलंच असतं.” मग मुलांकडे वळून, “चला. जिथनं उचललीत ती जागा दाखवा.”

आता मलाही राग आला. माळावर भटकी कुत्री होती, वर घारी फिरत होत्या. एवढीशी पिल्लं पुन्हा उघड्यावर नेऊन टाकायची? मी म्हटलं, “अहो, मरतील ती तिथे. तुम्हाला काही दयामाया?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडल्या नव्हत्या. “तुमच्या घरात तर नक्की मरतील,” त्या म्हणाल्या. “तिथं जगतील का, ते मला ठाऊक नाही. पण तिथं त्यांची आई येणार आहे.”

आणि खोका उचलून जिना उतरायला लागल्या. मुलं त्यांच्या मागे. मुलांच्या मागे, पायात चपला सरकवत, मी.

आमची सोसायटी कल्याण-शीळ रस्त्याच्या जरा आत आहे. समोर रस्त्याचा गोंगाट आणि मागे कंपाउंडची भिंत ओलांडली की माळ. गवत, घाणेरीची झुडपं, मधेच बोरीबाभळी, आणि पलीकडे बुटकी टेकडी. सिस्टरांनी गवतातली ती दबलेली जागा मुलांना विचारून विचारून शोधली, पिल्लं तिथे ठेवली आणि सगळ्यांना भिंतीपर्यंत मागे हटवलं. मग त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आम्हीही. ऊन उतरलं. मुलांचा धीर सुटायला लागला. सूर्य पारसिकच्या डोंगराआड गेला आणि गवताचा रंग विझला, तेव्हा एक ससा टेकडीच्या बाजूनं थांबत थांबत आला. कान वर, दोन उड्या, पुन्हा स्तब्ध. आमच्या डोळ्यांदेखत ती पिल्लं गवतातून उठून आईकडे धावली. ती ताठ बसून चहूकडे बघत राहिली आणि पिल्लं तिच्या पोटाखाली लुचत राहिली. थोडाच वेळ. मग ती आली तशी निघून गेली आणि पिल्लं गवतात दिसेनाशी झाली.

“आई, आली ती,” इरा माझा हात दाबत कुजबुजली.

“दिवसभर जवळ बसली तर तिच्या वासानं कुत्री येतात,” सिस्टर म्हणाल्या. “म्हणून लांब राहते. झालं. चला आता, डास चावतायत.”

त्यांचं पहिलं नाव सुमन होतं हे मला फार उशिरा कळलं. सोसायटीत सगळे त्यांना सिस्टर म्हणत. कल्याणच्या एका सरकारी दवाखान्यात त्यांनी सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात काढली होती. त्यांच्याबरोबर डोंबिवलीच्या बाजारात गेलं की हमखास कुणीतरी बाई थांबायची. शेजारच्या दाढीवाल्या पोराला पुढे ढकलून म्हणायची, “सिस्टर, हा बघा, तुमच्या हातचा.” सिस्टर त्या पोराकडे वरपासून खालपर्यंत बघायच्या आणि “वजन कमी कर” एवढंच म्हणून पुढे व्हायच्या.

गोड बोलणं त्यांना जमायचं नाही. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या. कुणाच्याही घरी गेल्या की आधी “हात धुतले का?” हा प्रश्न, मग तो हात धुणारा साठ वर्षांचा का असेना. पण बिल्डिंगमध्ये कुणाला ताप आला, कुणाचा पाय मुरगळला की रात्री-बेरात्री त्यांचंच दार वाजायचं. त्या बाहेर यायच्या त्या साडी नीट नेसूनच. मला नेहमी वाटायचं, ह्या बाई झोपतात तरी कशा?

संध्याकाळी त्या भिंतीच्या कडेनं फेऱ्या मारायच्या. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट. फेऱ्या मारता मारता माळाकडे बघायच्या. हळूहळू मीही त्यांच्याबरोबर जायला लागले. सुरुवातीला मला नुसतं गवत दिसायचं. त्या बोट न दाखवता सांगायच्या, “बोरीच्या डाव्या अंगाला. दगडासारखं दिसतंय ते बघ.” मी बघत राहायची आणि मग त्या दगडाचा कान हलायचा. 

ससे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. फलटणकडच्या एका गावात त्यांचं माहेर. तिथे त्यांचे चुलते माळावर वाघूर लावायचे. वाघूर म्हणजे शिकारीचं लांबलचक जाळं. ते एका अंगाला उभं करायचं आणि दुसऱ्या अंगानं माणसांनी रांग धरून, डबे वाजवत, ओरडत चालत यायचं. त्याला हाका म्हणतात. भेदरलेले ससे पळत जाऊन जाळ्यात पडायचे.

“आणि मग?” इरानं विचारलं होतं.

“मग काय? रस्सा. मीही खाल्लाय. चव चांगली असते.”

इराचा चेहरा पडला. सिस्टरांनी तिची समजूत घातली नाही. जे झालं ते झालं, असं त्यांचं होतं. सशांबद्दल त्या कधी लाडानं बोलल्या नाहीत. तळमजल्यावरचे कुलकर्णी काका सशांसाठी भिंतीपलीकडे गाजरं टाकत. सिस्टर भिंतीच्या फटीतून पलीकडे जाऊन ती गोळा करून आणत आणि काकांच्या दारात ठेवत.

“अहो सिस्टर, मुकी जनावरं आहेत. चार गाजरांनी काय बिघडतं?”

“त्यांच्यापेक्षा आधी घुशी येतात. घुशींच्या मागे कुत्री येतात. मग कुत्र्यांना तिथंच ससे सापडतात. तुम्ही गच्चीवरनं बघा की. बघण्यात काय कमी आहे?”

“लांबून बघून समाधान होत नाही हो.”

“ते तुमचं समाधान झालं,” सिस्टर म्हणाल्या. “त्यांचं काय?”

काका महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. गाजरं मात्र बंद झाली.

हिवाळ्यात माळावरचं गवत वाळलं की ससे भिंतीखालच्या भगदाडातून आत यायचे. सोसायटीनं लावलेलं लॉन, झेंडू, कुणाच्या कुंडीतली कोवळी रोपं सगळं कुरतडायचे. त्यावरून कमिटीच्या मीटिंगमध्ये वाद व्हायचे. कुणी म्हणे भगदाड बुजवा, कुणी म्हणे औषध टाका. सिस्टर म्हणाल्या, “औषध टाकलंत तर आधी तुमची पोरं त्याच लॉनवर लोळतील.” विषय तिथेच संपला. मग त्यांनी स्वतः जाळी आणून झेंडूच्या वाफ्याला लावली. भगदाड तसंच ठेवलं.

एका सकाळी मी ऑफिसला निघायच्या तयारीत होते. मागून लहान मूल कळवळून रडावं तसा आवाज आला. मी बाल्कनीत धावले. खाली सिस्टर कॅनव्हासच्या बुटांत धावत होत्या. त्यांच्या वयाची बाई तशी धावताना मी पाहिली नव्हती. मी खाली पोचले तेव्हा त्या भिंतीपलीकडे गवतात गुडघ्यांवर बसल्या होत्या. समोर तारेच्या फासात मागचा पाय अडकलेला ससा. ससा ओरडतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यांनी पदर सोडून त्याच्या डोक्यावर टाकला, एका हातानं त्याला जमिनीशी धरलं आणि दुसऱ्या हातानं तार सैल करायला लागल्या.  तार निघाली. पाय मोडला होता, पण रक्त फारसं नव्हतं. “रिक्षा बघ,” त्या मला म्हणाल्या. “डोंबिवलीत जनावरांचे डॉक्टर...” आणि थांबल्या. पदराखालची धडपड थांबली होती. त्यांनी पदर उचलला. बोटं त्याच्या छातीवर ठेवली. बराच वेळ ठेवली.

“पाय बरा झाला असता,” मी म्हटलं. मला काहीतरी म्हणायचं होतं.

“पायानं नाही गेली. भीतीनं गेली.” मग खूप हळू, स्वतःशीच, “माझ्याच हातात. सोडवायला गेले तीच मी.”

मादी होती. स्तनांत दूध होतं. तो सगळा दिवस सिस्टर माळावर पिल्लं शोधत फिरल्या. नाही सापडली. सापडली असती तरी काय केलं असतं, हे मी त्यांना विचारलं नाही.

फास कुणी लावला ते शोधायला त्या शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या वस्तीत गेल्या. मी बरोबर होते, कारण मला भीती वाटत होती की तिथे काहीतरी तमाशा होईल. सुखराम नावाच्या एका माणसानं लगेच कबूल केलं. त्याची बायको बाळंत झाली होती, चार दिवस घरात धड जेवण नव्हतं, त्यानं आणखी एक फास लावला होता तोही त्यानं सांगितला. सिस्टर त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

“खाने के लिए लगाया?”

“हां मैडम. और क्या करेगा उसका?”

“मैंने भी खाया है,” त्या म्हणाल्या. “लेकिन अब उनके पास इतनाच जगह बचा है. बच्चे का टाइम है. मत लगाओ.” मग झोपडीकडे बघून, “बीवी को दिखाओ. बच्चा दूध पीता है कि नहीं?”

आणि त्या वाकून आत शिरल्या. बाहेर आल्या त्या बऱ्याच वेळानं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस त्या झोपडीत रोज जात राहिल्या. सुखरामनं दुसरा फास माझ्यासमोर काढून आणला.

त्यांचा मुलगा विवेक ठाण्याला घोडबंदर रोडला राहायचा. दर रविवारी यायचा. शांत, नीटनेटका माणूस. आईसाठी फळं आणायचा, लाइटबिल भरून टाकायचा, गॅलरीत बसून पेपर वाचायचा आणि संध्याकाळी निघायचा. दोघंही एकमेकांशी फार अदबीनं बोलायचे. लग्नात भेटलेले दोन पाहुणे बोलतात तसं. मला ते विचित्र वाटायचं. त्याचं कारण सिस्टरांनी एकदा सांगितलं, मेथी निवडताना, मान वर न करता.

विवेक दीड वर्षाचा असताना त्याचे वडील गेले. सिस्टरांना कल्याणला नोकरी मिळाली. चौघींत मिळून एक खोली, आणि निम्म्या ड्यूट्या रात्रीच्या. मूल कुठे ठेवणार? त्यांनी त्याला गावी जावेकडे ठेवलं. सुट्टी मिळेल तेव्हा जायच्या. पण त्या निघाल्या की पोर रडून रडून आजारी पडायचं. एकदा जाऊ म्हणाली, सुमन, तू आलीस की ह्याचे आठ दिवस वाईट जातात, तू सारखी येऊ नकोस बाई.

“मग?” मी विचारलं.

“मग मी घरी जाणं बंद केलं. एसटीनं जायची, त्याच्या शाळेच्या कुंपणाशी उभी राहायची. मधल्या सुट्टीत पोरं बाहेर यायची. बघायची, उंच झालाय, खरचटलंय कुठं, सदरा धड आहे ना. घंटा झाली की परत एसटी.”

“त्याला न भेटता?”

“हो.” त्यांनी एक काडी मोडून टाकली. “दहा वर्षांचा झाला तेव्हा आणला इकडे. खोली घेतली होती ठाकुर्लीला. तो जावेला आई म्हणायचा. मला काकू. त्याचं बरोबरच होतं. मी कोण होते त्याची?”

 त्यांनी निवडलेली मेथी माझ्याकडे सरकवली आणि दुसरी जुडी घेतली.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर माळाला पत्रे लागले. निळे, उंच, चारी बाजूंनी. तो माळ मुळात गावातल्या पाटलांचा. त्यांनी तो बिल्डरला दिल्याचं आम्ही ऐकून होतो, पण ऐकणं आणि पत्रे उभे दिसणं ह्यात फरक असतो. पत्रे पूर्ण झाल्यावर सिस्टर गच्चीवर गेल्या. मीही गेले. वरून सगळं स्पष्ट दिसत होतं. रस्त्याच्या बाजूला दोन जेसीबी येऊन उभे होते. आणि संध्याकाळी गवतातून ससे निघाले. टेकडीकडे गेले, पत्र्यापाशी थांबले, पत्र्याच्या कडेकडेनं पळाले, पुन्हा मागे आले.

“आत अडकलेत,” सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या साइट ऑफिसात गेल्या. तिथला इंजिनियर तरुण आणि सभ्य होता. टेकडीकडचे चार-पाच पत्रे थोडे दिवस काढा आणि काम रस्त्याच्या बाजूनं सुरू करा, एवढंच त्यांचं मागणं होतं. तो म्हणाला, “मॅडम, तुमचं म्हणणं समजतंय. पण पत्रे उघडे ठेवले तर सळ्या जातात. माझी नोकरी जाईल.” त्या रोज जायला लागल्या. ओरडल्या नाहीत, धमक्या दिल्या नाहीत. सोसायटीतली प्लॅस्टिकची खुर्ची न्यायच्या आणि गेटसमोर बसायच्या. कुलकर्णी काका त्यांना चहा नेऊन द्यायचे. रस्त्याकडचं गवत मात्र रोज थोडं थोडं खरवडलं जात होतं.

एका सकाळी नामदेव पाटील तिथे आले. माळ ज्यांचा होता त्या घरातले हे सर्वांत वडीलधारे. पांढरी टोपी, पायात स्पोर्ट्सचे बूट, आणि मागे नातवाची मोठी गाडी. खुर्चीवरच्या बाईंकडे बघून ते थांबले.

“काय गो बाय, इथं कनाला बसलीस?”

सिस्टरांनी सांगितलं. ते ऐकत राहिले. मग पत्र्याकडे बघून म्हणाले, “माझे बापसाची वाघूर अजून घरचे माल्याव परलीय. आमी पोरं हाका घालाचो याच मालाव. तुला काय ठाव हाका?”

“आमच्याकडेही होती वाघूर,” सिस्टर म्हणाल्या. “फलटणला.”

म्हातारा एकदम हसला. आणि मग दोघंही त्या गेटसमोर, खुर्ची आणि जेसीबीच्या मधोमध उभं राहून बोलत राहिले. जाळं कसं शिवायचे, वारा कुठून बघायचे, ससा शेवटच्या क्षणापर्यंत कसा दबून बसतो आणि पायाजवळून कसा सुटतो. मी जवळच होते. मला वाटलं, दोघं जुन्या शिकारी आठवून खूश होतायत. पण बोलता बोलता सिस्टरांनी पत्र्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “पाटील, आपण हाका घालूया?”

“अं?”

“रस्त्याकडनं रांग धरायची आणि टेकडीकडं चालायचं. तिकडचे पत्रे काढायचे. जाळं नाही लावायचं, बस.”

नामदेव पाटलांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. आणि इंजिनियरला हाक मारली. “ए बाला, आइतवारी तुजा काम बंद रते ना? मंग सकाली मागचे पत्रे उघर. सल्या गेल्या त माझे नावाव लिव.”

त्या रविवारी सकाळी आम्ही माळाच्या कडेला जमलो तेव्हा मला वाटलं होतं पाच-सहा माणसं येतील. अख्खी सोसायटी आली होती. लॉन कुरतडलं म्हणून भांडणारे आले होते. कमिटीचे सेक्रेटरी बूट-मोजे घालून आले होते. सुखराम आणि वस्तीतली माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बायका, नामदेव पाटलांच्या घरची चौदा-पंधरा माणसं. वॉचमननं कुत्र्यांना बिस्किटं दाखवत पुढच्या गेटात नेऊन कोंडलं होतं. आणि रांगेच्या अगदी टोकाला विवेक होता. नेहमी तो दुपारी यायचा. आज कधी निघाला होता कोण जाणे.

सिस्टर सगळ्यांच्या पुढे उभ्या राहिल्या. “डबे वाजवायचे नाहीत. ओरडायचं नाही. पोरांनी पळायचं नाही. हाताच्या अंतरानं चालायचं, टाळ्या वाजवत, सावकाश. समोरून ससा उठला की तिथंच थांबायचं. तो पुढं गेला की मग चालायचं. कळलं?”

आणि आम्ही चाललो. कुसळं साड्यांना, पँटींना टोचत होती. पन्नास-साठ माणसं, आणि टाळ्यांशिवाय कुठलाही आवाज नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कुलकर्णी काकांच्या पायाजवळून गवत फुटल्यासारखं झालं आणि एक ससा सुटला. काका जागच्या जागी थिजले. सगळी रांग थांबली. ससा पत्र्यापर्यंत गेला, उघड्या जागेपाशी क्षणभर बसला आणि पलीकडे टेकडीवर चढला. कुणीतरी हुंदका दिल्यासारखा श्वास सोडला. मग आणखी एक ससा. मग दोन एकदम. मुलांनी तोंडावर हात दाबून धरले होते.

एक ससा उलटा फिरला. टेकडीकडे जायचंच सोडून तो रांगेवर धावून आला आणि इरा आणि सेक्रेटरींच्या मधून मागे, खरवडलेल्या मातीकडे, जेसीबींच्या दिशेनं निघून गेला. दोघं-तिघं त्याच्यामागे धावणार तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, “राहू द्या.”

“पण सिस्टर, तो मरेल तिकडे,” इरा रडवेली झाली.

“मरेल कदाचित. पण मागे लागलो तर आत्ताच मरेल. चला पुढे.”

पत्र्यापर्यंत पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. टेकडी समोर होती. तिच्या पलीकडच्या अंगाला दुसरा रस्ता होतोय हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याबद्दल कुणी बोललं नाही. नामदेव पाटलांच्या सुनेनं चहाचं मोठं पातेलं आणलं होतं. लोक गवतात बसले.

सिस्टर एका दगडावर बसल्या. दमल्या होत्या. मी त्यांना चहा दिला. विवेक येऊन थोड्या अंतरावर बसला, पँटमधली कुसळं एकेक काढत. कुसळं काढता काढता म्हणाला,

“मी बघितलं होतं तुला.”

“कुठं?”

“शाळेच्या कुंपणाशी. तिसरीत होतो. सगळी पोरं म्हणायची, पांढऱ्या साडीतली बाई येऊन उभी राहते. एकदा मी बघितलं, तर तू.”

सिस्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. मला उठून जायला हवं होतं, पण मला हलताही येईना.

“मग हाक का नाही मारलीस?”

“मला वाटलं, मी बघितलं हे तुला कळलं तर तू परत येणार नाहीस. म्हणून खेळत राहिलो.”

सिस्टर टेकडीकडे बघत होत्या. “आले असते,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं मान हलवली. “नसते आले.”

विवेकनं हातातली कुसळं झटकली.  त्या रविवारी तो संध्याकाळी ठाण्याला गेला नाही. सोमवारी सकाळी त्यांच्या दाराबाहेर त्याचे बूट दिसले.

त्या उन्हाळ्यात सिस्टरांना चक्कर येऊन त्या जिन्यात पडल्या. कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि विवेक त्यांना ठाण्याला घेऊन गेला. समोरच्या दाराला कुलूप लागलं. मागे आता सातव्या मजल्याचा स्लॅब पडलाय, आमच्या बाल्कनीतून टेकडी दिसत नाही. 

मी त्यांना भेटायला गेले ते गेल्या पावसाळ्यात. विवेकच्या घरी त्या खिडकीपाशी पलंगावर होत्या. खूप वाळल्या होत्या. मला ओळखलं, इराची चौकशी केली, तिचं वजन विचारलं. “मेघा, तू आहेस तोवर मी औषधं घेऊन येतो,” असं मला सांगून विवेक खाली गेला.

 तो गेल्यावर मी सोसायटीतल्या गोष्टी सांगत होते. त्यांचं लक्ष नव्हतं. मधेच म्हणाल्या, “पाऊस आहे ना बाहेर?” जरा वेळानं, “दुकान तर खालीच आहे.” मग पुन्हा, “गर्दी असेल.” मी हो म्हणत राहिले. त्यांची नजर दारावर होती.

कुलपात किल्ली फिरली. विवेक आत आला, केस भिजलेले, हातात औषधांची पिशवी. तो सवयीनं कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळला.

“तिथं नको,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी चादरीची घडी हातानं सारखी केली, स्वतः कष्टानं जराशा पलीकडे सरकल्या आणि मोकळी झालेली जागा थोपटली. “इथं ये.”

तो ओल्या कपड्यांनीच येऊन बसला.  त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि त्याचं डोकं पुसायला लागल्या. पन्नाशीला आलेला तो माणूस मान खाली घालून, पिशवी मांडीवर तशीच धरून बसून राहिला.

मी माझी छत्री घेतली आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.